दुकानाचा ब्रँड घ्यावा की नामांकित? किराणा पारखण्याची घरगुती पद्धत

दोन वर्षांपूर्वी चतुर्थीला चार दिवस उरले असताना नेवऱ्यांसाठी (करंज्यांसाठी) रवा भाजायला घेतला आणि डावाबरोबर कोळिष्टकासारखे बारीक धागे वर आले. रवा चाळून पाहिला, तर जाळीत गुंडाळलेल्या गुठळ्या आणि दोन अळ्या निघाल्या. पाकीट गोव्यात फोंड्यातल्या एका मोठ्या दुकानाने स्वतः भरलेले होते, त्यावरच्या चिकटपट्टीवरची तारीख ओल लागून पुसली गेली होती आणि मी ती न वाचताच पाकीट टोपलीत टाकले होते. त्यानंतर वर्षभर मी हट्टाने प्रत्येक वस्तू नामांकित कंपनीचीच घेतली. वर्षअखेरीस बिले जुळवली, तेव्हा मीठ, साखर आणि पोह्यांसारख्या वस्तूंवर आपण विनाकारण जास्त पैसे मोजत आलो हे दिसले. मग एकेक वस्तू समोरासमोर ठेवून तपासायला सुरुवात केली. दुकानाचा ब्रँड चांगला की वाईट, या प्रश्नाला सरसकट उत्तर नसते, ते वस्तूगणिक वेगळे असते, असे या तपासणीतून माझे मत झाले. तपासणीची पद्धत पुढे क्रमाने दिली आहे.

आधी माल कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखावे

गोव्यातल्या दुकानांत एकाच फळीवर तीन प्रकारचा माल शेजारी शेजारी असतो आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. पहिला प्रकार नामांकित कंपनीचा, जो सगळीकडे त्याच नावाने मिळतो. दुसरा प्रकार दुकानांच्या साखळीच्या स्वतःच्या ब्रँडचा, जो फक्त त्या साखळीतच मिळतो. रिलायन्सचा ‘गुड लाइफ’, बिगबास्केटचा ‘बीबी रॉयल’ आणि अमेझॉनचा ‘वेदाका’ ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. हा माल साखळी बहुधा दुसऱ्या कारखान्याकडून ठरावीक निकषांवर करून घेते आणि जाहिरातीचा व वितरणाचा खर्च वाचल्यामुळे तो स्वस्त देऊ शकते. तिसरा प्रकार आपल्याकडे फार चालतो. गावातले मोठे दुकान किंवा बाजार पोत्यातली डाळ, रवा, साखर, काजू पारदर्शक पिशवीत भरतो, वजनाची चिकटपट्टी लावतो आणि विकतो.

दुसरा आणि तिसरा प्रकार एकच समजू नये. साखळीच्या ब्रँडमागे निदान ठरलेली प्रत आणि छापील वेष्टन असते, तर दुकानाने भरलेल्या पिशवीची प्रत पोत्यागणिक बदलते. याचा अर्थ तिसरा प्रकार टाकाऊ आहे असा मुळीच नाही. ज्या दुकानात माल झपाट्याने खपतो, तिथली पिशवीतली तूरडाळ कंपनीच्या पाकिटापेक्षा ताजी असू शकते. मात्र अशी पिशवी घेताना पारखण्याची सगळी जबाबदारी आपल्यावर येते.

वेष्टन वाचताना कोणत्या गोष्टी पाहाव्यात

पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्रीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा, 14 अंकी क्रमांक असायला हवा. तो 1 या अंकाने सुरू होत असेल तर उत्पादकाकडे परवाना आहे आणि 2 ने सुरू होत असेल तर लहान व्यावसायिकाची नोंदणी आहे, असे समजावे. नोंदणी असलेल्या लहान घरगुती उद्योगाचा माल कमी दर्जाचा ठरत नाही, पण आपण कोणाकडून घेतो आहोत हे त्यातून कळते.

त्यानंतर ‘निर्माता’ आणि ‘विपणन’ या दोन ओळी वेगवेगळ्या वाचाव्यात. साखळीच्या ब्रँडवर विपणनासमोर साखळीचे नाव असते आणि निर्मात्यासमोर भलत्याच कारखान्याचे. कधी कधी हाच कारखाना नामांकित कंपनीलाही माल पुरवतो आणि मग ‘दोन्ही एकच, फक्त वेष्टन वेगळे’ असे लोक म्हणू लागतात. हा निष्कर्ष घाईचा आहे. एकाच कारखान्यात दोन गिऱ्हाइकांसाठी दोन वेगळ्या कृतींनी आणि वेगळ्या प्रतीच्या कच्च्या मालातून बिस्किटे होऊ शकतात. म्हणून पत्ता जुळला तर पुढचे पाऊल म्हणून घटकांची यादी जुळते का ते पाहावे.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, म्हणजे जे सर्वांत जास्त ते सर्वांत आधी. शिवाय नावात किंवा चित्रात एखादा घटक ठळकपणे मिरवला असेल, तर त्याचे शेकडा प्रमाण छापावे लागते. काजू बिस्किटांचे दोन पुडे हातात घेऊन हे प्रमाण पाहिले की चित्रातल्या काजूंची आणि आतल्या काजूंची गाठ किती पडते ते लगेच समजते. जाम, सॉस आणि तयार मसाले यांनाही हीच कसोटी लावावी. खड्याचा नसलेला, पूड किंवा वडीच्या रूपातला मिश्र हिंग घेताना तर यादी अवश्य वाचावी, कारण त्यात पीठ आणि डिंक असतोच. प्रश्न असतो तो हिंगाच्या प्रमाणाचा, आणि तिथे स्वस्त डबी बहुधा चिमटीऐवजी चमचाभर घालावी लागते.

भरल्याची किंवा उत्पादनाची तारीख शेवटी पाहावी, पण पाहिल्याशिवाय पाकीट टोपलीत टाकू नये. माझ्या रव्याने मला हे शिकवले.

भाव एकाच मापावर आणावा

छापील कमाल किमतीवर किती सूट आहे, या आकड्याकडे लक्ष देऊ नये. दुकानाच्या ब्रँडची छापील किंमत मुळातच चढी ठेवून मोठी सूट दाखवता येते. आता पाकिटांवर एकक किंमतही छापतात. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर ती दर ग्रॅमला आणि त्याहून जास्त असल्यास दर किलोला असते. मात्र ही एकक किंमत छापील कमाल किमतीवरून काढलेली असते, त्यामुळे बिलात प्रत्यक्ष जो भाव लागणार आहे त्यावरून 100 ग्रॅमचा दर आपणच काढावा. फोनमधल्या गणकयंत्रावर हे काही सेकंदांचे काम आहे.

तेलाच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी लागते, कारण ठरावीक वजनाच्याच पाकिटांचे बंधन राहिलेले नाही आणि पिशव्या दिसायला सारख्याच असतात. एक लिटर खाद्यतेलाचे वजन साधारण 910 ग्रॅम भरते. समजा एक लिटरची पिशवी 150 रुपयांना आहे आणि शेजारची 850 ग्रॅमची पिशवी 143 रुपयांना आहे. पहिलीचा दर 100 ग्रॅमला 16 रुपये 48 पैसे पडतो आणि दुसरीचा 16 रुपये 82 पैसे. हातात घेतल्यावर स्वस्त वाटलेली पिशवी महाग निघते.

कराचाही एक गैरसमज दूर करायला हवा. 18 जुलै 2022 पर्यंत डाळ, तांदूळ, पिठे यांवरचा पाच टक्के जीएसटी नोंदणीकृत ब्रँडशी जोडलेला होता. त्या तारखेपासून तो 25 किलोपर्यंतच्या सर्व पाकीटबंद, लेबल लावलेल्या मालाला लागू झाला. म्हणून ‘ब्रँड नाही म्हणून कर नाही’ हे कारण पाकीटबंद मालाला आता लागू पडत नाही. करातून सूट आहे ती आपल्यासमोर मोजून दिलेल्या सुट्या मालाला.

वापराचा खर्च काढावा

वजनावरचा दर काढला म्हणजे काम संपले असे नाही, कारण काही वस्तू कमी लागतात आणि काही जास्त. चहाचे उदाहरण घेऊ. समजा नामांकित चहाची 500 ग्रॅमची पुडी 300 रुपयांना आहे आणि दुकानाच्या ब्रँडची 240 रुपयांना. घरातल्या माणसांना आवडेल इतका कडक चहा होण्यासाठी पहिली भुकटी कपाला अडीच ग्रॅम पुरते आणि दुसरी साडेतीन ग्रॅम लागते. पहिल्या चहाचा कप दीड रुपयाला पडतो आणि दुसऱ्याचा 1 रुपया 68 पैशांना. पुडीवर 60 रुपये वाचवून कपामागे 18 पैसे जास्त गेले. यासाठी स्वयंपाकघरात एक ग्रॅमपर्यंत मोजणारा लहान काटा असावा. चहासारख्या हलक्या वस्तूचे चार चमचे एकदम मोजून चाराने भागले की अंदाज नेमका येतो.

डाळीत निवडल्यावर जे फेकले जाते ते हिशोबात धरावे. 100 ग्रॅम तूरडाळ स्टीलच्या ताटात पसरून खडे, साले, काळपट दाणे आणि चुरा वेगळा काढावा आणि तो तोलावा. दुकानाची डाळ 148 रुपये किलो असून तिच्यातले चार ग्रॅम वाया गेले, आणि नामांकित 172 रुपयांची असून तिच्यातला एकच ग्रॅम वाया गेला असे धरले, तर खरे भाव अनुक्रमे 154 आणि 174 रुपयांच्या आसपास येतात. फरक कमी झाला, तरी दुकानाची डाळ स्वस्तच राहिली. पण आता ती शिजते कशी, हे पाहायला हवे.

ताटात आणि चुलीवर परीक्षा

दोन्ही डाळी एकाच वाटीने मोजून, सारख्याच पाण्यात अर्धा तास भिजवून, कुकरच्या दोन डब्यांत शेजारी ठेवून एकाच वेळी शिजवाव्यात. पाणी आणि शिट्या सारख्या असल्याखेरीज तुलनेला अर्थ नाही. भिजवण्याचे पाणी पाहावे. फार चकचकीत, पॉलिश केलेल्या डाळीचा तुकतुकीतपणा पहिल्या धुण्यातच उतरतो. शिजल्यावर पळीने घोटून पाहावे. जुनी डाळ वरून मऊ होते, पण बोटांत दाबली तर मधला भाग कणीदार लागतो आणि वरणात पाणी वेगळे राहते. नवी डाळ घोटताच एकजीव होते आणि थोड्या डाळीत जास्त वरण दाट होते. या परीक्षेत माझ्याकडे साखळीच्या ब्रँडची डाळ दोनदा नामांकित डाळीच्या बरोबरीने उतरली, तर दुकानाने भरलेली पिशवी एकदा उत्तम आणि एकदा कणीदार निघाली.

चव पाहताना घरच्यांना कोणता पदार्थ कशाचा आहे ते सांगू नये. वाट्यांच्या बुडाला कागदाची चिठ्ठी लावावी आणि ज्याने चिठ्ठ्या लावल्या त्याने वाढू नये. ही खबरदारी अनाठायी वाटेल, पण महाग वस्तू चांगलीच असणार ही समजूत जिभेपेक्षा बलवान असते. माझी आई नेहमीच्या कंपनीच्या पोह्यांशिवाय दुसरे पोहे नको म्हणायची, आणि चिठ्ठी लावून दिलेल्या दोन वाट्यांपैकी तिने दुकानाच्या ब्रँडचे पोहे अधिक मऊ म्हणून निवडले. आता आमच्या घरी तेच येतात.

उकड्या तांदळाची परीक्षा पेजेवर करावी. पेज किती वेळात उमलते, दाणा फुटून पिठूळ होतो की अखंड राहतो आणि पाणी किती लागते, हे तीन आकडे लिहून ठेवावेत. इथे कोणत्याही ब्रँडपेक्षा तांदळाची जात आणि वय यांना महत्त्व आहे, त्यामुळे जात लिहिलेल्या पाकिटाला मी नुसते ‘उकडा’ लिहिलेल्या पाकिटापेक्षा झुकते माप देते.

भेसळीच्या साध्या चाचण्या

हळद आणि मिरची पूड यांबाबत पेलाभर पाणी पुरेसे असते. हळद पाण्यात टाकली की शुद्ध पूड फिकट पिवळा रंग सोडत तळाशी बसते. पाणी लगेच गडद पिवळे झाले तर रंग मिसळल्याचा संशय घ्यावा. मिरची पूड पाण्याच्या पृष्ठभागावर भुरभुरावी. कृत्रिम रंग असेल तर त्याच्या लाल रेघा खाली उतरताना दिसतात आणि लाकडाचा भुसा असेल तर तो तरंगतो. खोबरेल तेल काचेच्या पेल्यात अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावे. ते गोठते, आणि दुसरे तेल मिसळलेले असेल तर तो थर वेगळा, पातळ राहतो. या चाचण्या संशय दाखवतात. खात्री प्रयोगशाळेतच होते.

मसाल्यांविषयी माझे मत स्पष्ट आहे. हुमणाचा, म्हणजे माशांच्या आमटीचा, रंग आणि झणका ज्या मिरचीवर अवलंबून असतो, ती पूड म्हणून कोणत्याच ब्रँडची घेऊ नये. मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून किंवा पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीच्या, खरेदीत अख्खी मिरची घ्यावी, उन्हात कडक वाळवावी आणि लागेल तशी दळून घ्यावी. भौगोलिक मानांकन मिळालेली काणकोणातल्या खोल गावची मिरची मिळाली तर उत्तमच. हे जमत नसेल, तर लहानात लहान आणि ताज्या तारखेचे नामांकित पाकीट घ्यावे, कारण मसाल्याचा सुवास उडून जातो आणि स्वस्त मोठे पाकीट अर्धे होईपर्यंत त्यात फक्त रंग उरतो.

काजू मोजून घ्यावेत

गोव्यात राहून काजूत फसणे फार सोपे आहे, म्हणून याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते. अख्ख्या पांढऱ्या काजूगराची प्रत डब्ल्यू 240, डब्ल्यू 320 अशी सांगतात. हा आकडा एका पौंडात, म्हणजे 454 ग्रॅममध्ये जास्तीत जास्त किती गर बसतात ते दाखवतो. आकडा जितका लहान, तितका गर मोठा आणि महाग. घरी 100 ग्रॅम तोलून गर मोजावेत. डब्ल्यू 240 असेल तर साधारण 48 ते 53 भरतात आणि डब्ल्यू 320 असेल तर 66 ते 70. दुकानाने भरलेल्या पिशवीवर अनेकदा प्रतच लिहिलेली नसते आणि 240 च्या भावात 320 गळ्यात पडतात. भाजीत वाटणासाठी किंवा खिरीत घालण्यासाठी अख्खे गर लागतच नाहीत. पाकळी किंवा तुकडा पुष्कळ स्वस्त पडतो आणि चवीत फरक नसतो.

पाकिटावर ‘गोवा’ लिहिले म्हणजे काजू गोव्यात पिकला असेही समजू नये. आफ्रिकेतल्या देशांतून कच्च्या काजूबिया मोठ्या प्रमाणावर भारतात येतात आणि त्या इथे फोडून, भाजून भरल्या जाऊ शकतात. गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळालेले असल्याने पाकिटावर ते चिन्ह आहे का ते पाहावे आणि गावातल्याच बागायतदाराकडून किंवा सहकारी संस्थेच्या दुकानातून घेताना बी कुठली, असा थेट प्रश्न विचारावा.

जिथे ब्रँडने फारसा फरक पडत नाही

मीठ, साखर आणि दूध यांत मानके इतकी ठरलेली आहेत की नावासाठी जास्त पैसे देण्याचे कारण मला दिसत नाही. आयोडीनयुक्त मिठात ग्राहकापर्यंत पोचताना दहा लाख भागांत किमान 15 भाग आयोडीन असावे लागते, आणि हा नियम सगळ्यांना सारखा आहे. टोन्ड दुधात तीन टक्के स्निग्धांश आणि साडेआठ टक्के इतर घन पदार्थ, तर फुल क्रीम दुधात सहा आणि नऊ टक्के असावे लागतात. कुर्टीच्या गोवा डेअरीची पिशवी असो वा दुसऱ्या कोणाची, तुलना करताना दोन्ही पिशव्या एकाच प्रकारच्या आहेत याची खात्री करावी आणि मग ताजेपणा पाहावा. साखरेत दाण्याचा आकार तेवढा बघावा.

बेसनाचे मात्र या यादीत नाव घालायला मी तयार नाही. स्वस्त बेसनात वाटाण्याचे पीठ मिसळण्याची सवय जुनी आहे, आणि लाडू करताना भाजल्याचा खमंग वास न सुटणे ही त्याची खूण अनुभवी हाताला कळते. चण्याची डाळ आणून गिरणीत दळून घेणे हा यावरचा उत्तम उपाय.

पावसाळ्याचा हिशोब

मोठे पाकीट स्वस्त पडते हा नियम आपल्याकडे जून ते सप्टेंबर या काळात मोडतो. समजा पाच किलो आटा 210 रुपयांना आहे आणि एक किलो 45 रुपयांना. मोठ्या पाकिटात किलोला 42 रुपये पडतात, पण दमटपणाने शेवटचा 400 ग्रॅम आटा कडू झाला तर उरलेल्याचा भाव 45 रुपये 65 पैसे होतो आणि बचत संपते. पावसाळ्यात रवा, मैदा, बेसन अर्ध्या किलोच्या पाकिटात घ्यावे आणि फोडल्याबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात काढावे. रवा भाजून ठेवला तर जास्त टिकतो. वेष्टनाचाही विचार करावा. दुकानाच्या पातळ पिशवीपेक्षा दोन पदरी वेष्टन या चार महिन्यांत दोन रुपये जास्त देण्याच्या लायकीचे असते.

वही आणि तक्रार

प्रत्येक वस्तूला वहीत एक पान द्यावे आणि त्यावर तारीख, ब्रँड, निर्मात्याचे नाव, 100 ग्रॅमचा दर आणि चुलीवरचा अनुभव लिहावा. एका वेळी एकच वस्तू बदलावी. निवडलेल्या ब्रँडच्या पाकिटावर निर्मात्याचे नाव किंवा घटकांची यादी बदललेली दिसली, की ती वस्तू नवी समजून पुन्हा तपासावी. साखळ्या कारखाने बदलतात आणि वेष्टनाचा रंग मात्र तोच राहतो.

माल खराब निघाला तर पाकीट, उरलेला माल आणि बिल टाकून देऊ नये, त्यांचे फोटो लगेच काढावेत. आधी दुकानात जावे, कारण दुकानाच्या ब्रँडच्या बाबतीत विक्रेता आणि ब्रँडचा मालक एकच असल्याने माल बदलून मिळणे सोपे जाते. तिथे दाद मिळाली नाही तर मालाच्या दर्जासाठी बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयाकडे, कमी वजनासाठी किंवा छापील किमतीहून जास्त आकारणीसाठी वजन व मापे खात्याकडे, आणि दोन्हींसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करता येते. मी माझ्या रव्याचे पाकीट त्याच दिवशी कचऱ्यात टाकले होते, त्यामुळे दुकानदारापुढे दाखवायला माझ्या हातात काहीच उरले नव्हते.